डाग नसलेली पोटं

बेलापूर, सोमवार, १ मे १९४४

मेडिकलच्या प्रो.चं (प्रोफेसरांचं) पत्र आलं. आलं एकदाचं. चौदा तारखेला ते मुलीकडे येताहेत. जावई पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, पाटावरच्या सरकारी बंगल्यात राहतो, इथून चार मैल. मला मंगळवारी १६ ला सकाळी दहाला भेटायला बोलावलंय. हिवतापाच्या संशोधनात विद्यार्थ्याची जागा एक. अर्जदार दोघे : मी आणि जोगळेकर. जोगळेकरच्या काकांकडे प्रो. दर शनिवारी ब्रिज खेळायला जातात, हे साऱ्या हॉस्टेलला ठाऊक आहे. मला प्रो. ओळखतात ते शेवटच्या बाकावरचा हजेरी नंबर म्हणून.

जागा मिळाली तर परीक्षेनंतर पुण्यात राहता येईल. मायक्रोस्कोप हाताशी, निबंधावर नाव. नाही मिळाली तर साखर कारखान्याचा दवाखाना आहेच. अण्णांनी तिथल्या मॅनेजरशी मला न विचारता बोलूनही ठेवलंय. मग जन्मभर कोयत्याने कापलेली बोटं शिवत बसायचं.

अण्णांनी पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा त्यात स्पेलिंगची एक चूक काढली. मास्तरकी सुटून चार वर्षं झाली, तांबडी पेन्सिल खिशातून सुटत नाही.

बुधवार, ३ मे

तक्ता नव्याने उतरवतोय. भेटीआधी प्रो.ना टपालाने पाठवायचाय, तसं त्यांनीच लिहिलंय. घामाने कागद ओला होतो, मनगटाखाली टीपकागद धरून लिहितो.

माझ्याकडे दुसरं आहे काय? हा तक्ताच. दिवाळीच्या सुट्टीत सुचला. हिवतापाने पोरांची पानथरी (प्लीहा) वाढते, डाव्या बरगडीखाली पोट टणक लागतं. आमच्याकडे त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय : हळकुंड पेटवून पोटावर तीन चटके. त्याचे डाग जन्मभर राहतात. म्हणजे गावात हिवताप कधी आला, कुठल्या आळीत किती, याची नोंद सरकारी दप्तरात नसली तरी लोकांच्या पोटांवर आहे. पाटाचं पाणी येण्याआधी वाढलेल्या माणसांची पोटं बहुतेक साफ. पाट आल्यानंतर जन्मलेल्यांना डागच डाग. हे प्रो.च्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाही. हे माझं आहे.

त्यातून म.वा.चा रकाना. (महारवाडा. तक्त्यात म.वा. लिहितो, जागा पुरत नाही.) म.वा. गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला. पाटाचा पाझर तिथेच साचतो, बाराही महिने डबकी, डास घोंगावतात. आणि तिथल्या एकाही पोराच्या पोटावर डाग नाही. एकाही! सगळा रकाना शून्यांचा. तिथे हिवताप का नाही, याचं कारण मला सांगता येत नाही. पण खरा शोध असाच असतो ना, आधी दिसतो आणि मागाहून कळतो?

एक गोष्ट तक्त्यात नाही. आसपासच्या गावांतली पोरं डागायला आणतात ती आमच्याच ओट्यावर. डाग देते ती आमची आत्या, अण्णांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेल्यापासून इथेच. आधी आजी द्यायची, तिच्यानंतर ही. तक्त्याखालच्या टिपेत मी लिहिलं : ‘हे काम एक अडाणी स्थानिक वृद्धा करते.’ नातं लिहिलं नाही.

तिने आज विचारलंच. “माझ्याबद्दल काय लिहितोस रे?”

“चांगलंच लिहितो.”

“नाव घातलंस का?”

घातलं म्हणालो.

गुरुवार, ४ मे

तक्ता टपालात टाकला. रजिस्टर. पोस्टमास्तरने पाकिटावरचं प्रोफेसरसाहेबांचं नाव मोठ्याने वाचलं. गावभर झालं असणार.

शनिवार, ६ मे

सकाळी तालीम. अण्णा आरामखुर्चीत प्रोफेसर होऊन बसले, धोतराच्या निऱ्या सारख्या करून. मी दारातून आत यायचं, ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचं, बस म्हणेपर्यंत बसायचं नाही. पहिल्या खेपेला मी उंबऱ्याला अडखळलो.

“तिथेच जागा गेली,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला माझं इंग्रजी फार वेगाने गेलं. तिसऱ्या खेपेला ते मध्येच झोपले. माझी तालीम भिंतीपुढे पुरी झाली.

कोट एकच. उजव्या कोपराला रफू. अण्णांचं म्हणणं, डावा हात पुढे ठेवून बसायचं. जोगळेकरला कोपराचा विचार करावा लागत नसेल. कुणाच्या कोपरांची चिंता कोण करतो यावर या देशात माणसाची विद्वत्ता ठरते. हे वाक्य बरं जमलंय, पण सांगणार कुणाला?

सोमवार, ८ मे

काही नाही. झळा. दुपारी पित्त. प्रो. तक्ता उघडतील की तसाच टेबलावर राहील?

बुधवार, १० मे

उघडला! पत्र आलं. इंग्रजीत आहे, मतलब असा : पद्धत कल्पक आहे. गावठाण आणि मळे यांचे आकडे अपेक्षेप्रमाणे. ‘परंतु खालच्या वस्तीचं आरोग्य विलक्षण आहे. त्या जातीच्या रक्तात काही प्रतिकारशक्ती असावी, अथवा खाण्यात. १६ ला आपण मुख्यतः यावरच बोलू.’ तिथली विहीर, गुरं, घरांची बांधणी, खाणंपिणं, सगळा तपशील आणायला सांगितलाय.

खाली आणखी एक ओळ. पावसाळ्याआधी या भागात क्विनीन कुठे कुठे वाटायचं त्याची यादी सरकारने प्रो.कडे मागितली आहे. लढाईमुळे साठा अगदी थोडा. ‘तुमच्या तक्त्याच्या आधारे खालची वस्ती यादीतून गाळता येईल आणि तेवढा साठा मळ्यांकडे वळवता येईल.’

माझ्या तक्त्याच्या आधारे! सरकारी यादी! अंगणात दोन फेऱ्या मारल्या. जोगळेकर, खेळ बाबा ब्रिज.

अण्णांनी देवापुढे साखर ठेवली, रेशनची. आत्याला वाटलं माझं लग्न ठरलं.

शुक्रवार, १२ मे

तपशील आणायला म.वा.त गेलो. म्हणजे नेहमीप्रमाणे वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लिंबापर्यंत. तिथून पुढे मी कधी गेलो नव्हतो, आजही गेलो नाही. उभ्याउभ्या वहीत लिहीत होतो, विहीर कुठे, गुरं किती. तिथलाच भागुजी आला. पलटणीत असतो, रजेवर आलाय, येत्या बुधवारच्या गाडीने परत जायचाय. शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होता. वर्गात नव्हे, व्हरांड्यात. अण्णा खिडकीतून त्याचा धडा घ्यायचे. आता अंगाने भरलाय, पण कातडी पिवळट दिसली. म्हणाला, तिकडे हिवताप येऊ नये म्हणून रोज पिवळी गोळी देतात, तिचा रंग चढतो.

“कसली वही डाक्टर?”

सांगितलं. ऐटीत सांगितलं. की तुझ्या वस्तीत हिवताप नाही, आणि का नाही याचा विचार पुण्याचे मोठे प्रोफेसर करताहेत.

मी थट्टा करतोय का, हे तो माझ्या तोंडाकडे बघून ताडत होता.

“हिवताप न्हाई? कोन म्हनलं?”

“एकाही पोराच्या पोटावर डाग नाही भागुजी. दिवाळीत मी स्वतः बघितलंय.”

“डाग कुठनं आसंल? आमच्या पोरांला डागनार कोन? तुमच्या आत्याबाई?”

आणि हसला. मोठ्याने नाही.

“पोटाला हात लावून बघितलं हुतं का तुमी?”

मी वहीची पानं चाळायला लागलो.

“न्हाई ना? ऱ्हाऊ द्या मंग. डागातनं सुटली आमची पोरं, तेवढं तरी बरं झालं. चटके खाऊन कुनाचा ताप गेलाय?”

वही मिटली. विहिरीचा तपशील अर्धाच राहिला.

शनिवार, १३ मे

सकाळभर भागुजीवर चिडलो. सातवी पास. पलटणीत दोन वर्षं काढली की लोकांना वैद्यकी कळायला लागते. एकदोघांना ताप आला असेल, त्याला काय होतं. माझा तक्ता प्रोफेसरांनी वाचलाय.

दुपारपर्यंत हे पुरलं. मग दिवाळीतला तो दिवस आठवला. विसरलो कधी होतो म्हणा.

गावठाणात आणि मळ्यांवर मी एकेका पोराला आडवं झोपवलं होतं. गुडघे दुमड, श्वास घे, आणि बरगडीखाली बोटं. पानथरी आणि डाग, दोन्ही रकाने भरले. दोन्ही जुळतात हे दिसल्यावर मी ठरवलं, आता नुसता डाग बघितला तरी भागतं. हे मला सुचलं नेमकं कधी? म.वा.त जायच्या आदल्या दिवशी. त्याआधी नाही. आणि म.वा. झाल्यावर उरलेल्या दोन मळ्यांवर मी पुन्हा पोरांना झोपवून हात लावला.

त्या दिवशी पोरांना लिंबाखाली ओळीने उभं केलं. बंड्या वर करा म्हटलं. निम्म्यांच्या अंगात बंड्याच नव्हत्या. चार हातांवरून बघत गेलो. अर्ध्या तासात अख्खी वस्ती उरकली. घरी आल्यावर आत्याने विचारलं, शिवलास का कुणाला? नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. तक्त्यात लिहिलं ‘इन्स्पेक्शन’. पहिल्या वर्षी शिकवतात, आधी इन्स्पेक्शन, मग पाल्पेशन. आधी बघा, मग हात लावा. मी अर्ध्या पायरीवर थांबलो आणि त्याला ‘पद्धत’ असं नाव दिलं. प्रो.ना ती कल्पक वाटली.

डिसेक्शनच्या टेबलावर कोपरापर्यंत हात घातलेत मी. मेलेल्यांची जात विचारली नाही. हॉस्टेलच्या सहभोजनाला गेलो होतो, फोटो आहे, त्यात मी पहिल्या रांगेत. आणि इथे, माझ्या गावात, जिवंत पोरांसमोर हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. लाज वाटते. कुणी बघितलं म्हणून वाटते की केलं म्हणून, ते मला सांगता येत नाही. यात बहुतेक भागुजीने बघितलं हेच जास्त आहे.

तिथे हिवताप असला तर? यादीतून ती वस्ती गाळली जाईल ती माझ्या सहीने.

रविवार, १४ मे

गेलो. लिंबाच्या पुढे गेलो.

भागुजीने पलटणीतली कांबळ अंथरून दिली, घराबाहेर, सावलीत. पहिली त्याच्या भावाची पोरगी, चंद्री, सहा वर्षांची. श्वास घे म्हटलं तर “कसा?” म्हणाली. मी घेऊन दाखवला. बरगडीखाली बोटं घातली, तिथे कड लागेना. खाली आलो. आणखी खाली. बेंबीच्या खाली लागली.

मग पुढचं. मग पुढचं. चार बोटं, पाच बोटं, बेंबीपर्यंत. पाटाकडेच्या मळ्यांवर इतक्या मोठ्या पानथऱ्या मी बघितल्या नव्हत्या. ज्यांचं पोट मऊ लागलं ती पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक पंधरा दिवसांचं.

चंद्रीची आई म्हणाली, “दोन दिसाआड हिव भरतं. दुपारी भरतं आन् सांजंला उतरतं. आज न्हाई, आता उद्या सोडून परवा भरंल का बगा.” तिचा हिशेब चुकला होता, उद्या भरणार, असं भागुजी म्हणाला. दोघं त्यावर वाद घालत बसले. घरात ताप इतका रोजचा, की तो कुठल्या दिवशीचा यावर भांडण.

“दिवाळीत मला का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं कुठं? बंडी वर कर म्हनला, केली.”

कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, गोळी त्या वस्तीत पोचतच नाही. दवाखान्यात मागायला गेलं की शिल्लक नाही. गोरा डाक्टर असताना एकदा मिळाल्या होत्या, ते चंद्रीच्या आईच्या लहानपणी.

घरी आलो तर आत्या मागच्या दारात. बादली काढून ठेवलेली. तिला कसं कळलं कोण जाणे. “कपडे तिथंच टाक,” म्हणाली.

आंघोळ केली. हे लिहिलंच पाहिजे. नको म्हणालो नाही, वाद घातला नाही. घामाने चिकचिकलो होतो म्हणून केली, असंही लिहिता आलं असतं.

सोमवार, १५ मे

प्रो. काल संध्याकाळी बंगल्यावर पोचले. आणि आज सकाळी जोगळेकर त्यांना भेटून गेला! काकांच्या मोटारीतून. लोकांना घासलेट मिळत नाही, यांना पेट्रोल मिळतं. पोस्टमास्तरकडून कळलं.

दुसरा तक्ता तयार केला. म.वा. न लिहिता महारवाडा लिहिलं, त्यासाठी रकाना रुंद करावा लागला. पहिल्या तक्त्याची नक्कल शेजारी ठेवून बघितली. पहिला फार सुबक आहे. त्यात शोध आहे. दुसऱ्यात काय आहे? पाझर साचतो तिथे हिवताप असतो, हे कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि माझी पद्धतही गेली. डाग म्हणजे हिवतापाची नोंद नव्हे, आत्याचा हात कुठवर पोचतो त्याची नोंद. हे प्रो.ना सांगायचं, आणि वर जागा मागायची.

जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आधी जागा मिळू दे,” म्हणाले. “मग महिन्या-दोन महिन्यांनी सवडीने कळव. नवा पुरावा हाती आला म्हणावं. शास्त्रात असं होतच असतं.”

“आणि क्विनीन?”

“ते सरकारचं काम आहे.”

“सरकार माझ्या तक्त्यावरून वाटणार आहे अण्णा.”

अण्णांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला. “भागुजी हुशार होता,” एवढंच म्हणाले. “गणितात विशेष.” मग हात धुवायला उठले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. येत नाही. कारण ते म्हणाले ते सगळं माझं रात्रीच मनात म्हणून झालं होतं, त्यांच्यापेक्षा चांगल्या भाषेत. ‘अंतरिम निष्कर्ष’ असा शब्दही शोधून ठेवला होता.

दुपारी आत्या वाती वळत बसली होती. ऐकलं असावं सगळं. मान वर न करता बोलायला लागली.

“त्यांच्यातली एक आली होती एकदा. पोर कडेवर. सकाळी मागच्या परसात येऊन उभी राहिली, उन्हं कलली तरी उभीच. म्हटलं, बाई, मी हात कसा लावू? हळकुंड टाकलं तिच्याकडे. चूल तुझी, डाग तूच दे म्हटलं. तर म्हणते, माझ्या हाताला गुण न्हाई आई, तुमच्या हाताला हाय.”

“मग?”

“मग काय. गेली.” दोन वाती झाल्या. “पोर वाचलं नाही म्हणे. मी दोन दिवस जेवले नाही रे. पण हात कसा लावणार होते, तूच सांग.”

काय सांगू? तिच्या चटक्याने पोर वाचलं नसतं, एवढं मला माहीत आहे. ते तिला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं तिला, की वाईट? सांगितलं नाही. तिने निदान दोन दिवस जेवण सोडलं. मी पेढे खायला निघालो होतो.

संध्याकाळी भागुजीकडे गेलो. कागदाला कागद उत्तर नाही. प्रो. म्हणतील, तुमचा हात शिकाऊ आहे, दिवाळीत नाही म्हणता, आता आहे म्हणता, कशावर विश्वास ठेवायचा? आणि जोगळेकरला बोलावतील. पण त्यांनी स्वतः एका पोटाला हात लावला तर ती कड त्यांच्याही बोटांना लागेल. तिला ‘अंतरिम’ म्हणता येणार नाही.

“उद्या बंगल्यावर येता का? चंद्रीला घेऊन,” मी विचारलं. येता का म्हणालो. आजवर त्याला अरे-तुरे करत आलो, तोंडाला सवय नाही, शब्द अडकला. त्याच्या ध्यानात आलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

म्हणाला, “येतो. पर येक हाय. फाटकापतुर मी येईन. आत तुमी बोलवायचं. मी आपनहून पायरी चढनार न्हाई. मी चढायचो आन् शिपाई खाली हाकलायचा. पोरीदेखत ते नको.”

“बोलावीन,” मी म्हणालो.

“बगा बरं.”

मंगळवार, १६ मे. बंगल्याच्या व्हरांड्यात, पावणेदहा

अण्णांचं घड्याळ आणलंय. ही वही कोटाच्या खिशात होती. बाकावर बसून लिहितोय.

चार मैल चालत आलो. मी पुढे, भागुजी वीस पावलं मागे, चंद्री त्याच्या खांद्यावर. असं कुणी ठरवलं नव्हतं. एकदा मी थांबलो, तर तोही थांबला. दुसऱ्यांदा थांबलो नाही.

फाटकाशी शिपायाने मला सलाम केला, कोट बघून. आत आलो. भागुजी बाहेर बाभळीखाली बसलाय. “फाटकाच्या सावलीत बसू देऊ नकोस, आत येतील हे,” असं शिपाई माळ्याला म्हणाला. मला ऐकू आलं.

फाईलमध्ये दोन तक्ते. घरून निघताना नवा वर होता. इथे बसल्यावर बघतो तर जुना वर आहे. मीच केलं असणार. केव्हा केलं आठवत नाही.

आतून प्रो.चा आवाज. जावयाशी हसताहेत. कपबशा. “फार आशादायक मुलगा आहे,” असं काहीतरी इंग्रजीत म्हणाले. माझ्याबद्दल असेल. जोगळेकरबद्दलही असेल.

चंद्रीला हिव भरलं. दुपारची वाट बघितली नाही आज, उन्हातून चालल्यामुळे असेल. इथून दिसतंय. भागुजीने खाकी सदरा काढून तिला गुंडाळलं, आणि तो उघडाच बसलाय. आत्ता बोलावलं तर प्रो.ना दोन्ही बघायला मिळेल, ताप आणि पानथरी. पण प्रो. तिला झोपवणार कुठे? या बाकावर? जावयाच्या व्हरांड्यात? ते हात लावतील का? की माझ्यासारखे चार हातांवरून म्हणतील, ठीक आहे, बघितलं? आणि वर असंही म्हणतील, पहिल्या भेटीला हे काय घेऊन आलात, पद्धत कळत नाही तुम्हाला?

दहा वाजले.

शिपाई आलाय. “चला, साहेब बोलावताहेत.” मग फाटकाकडे मान वळवून, “ती बाहेरची माणसं कोण? तुमच्याबरोबरची का?”

एक मिनिट म्हणालो, एवढं लिहून घेतो. तो थांबलाय. भागुजी इकडेच बघतोय.